गाळा घेताय? आधी जिना बघा

ताईंनो, हल्ली गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "तालुक्याच्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेऊन पोळीभाजी, फरसाण सुरू करू का?" जरूर करा. पण भाडं किती ते विचारण्याआधी बाहेर पडायला वाट किती, ते बघा.

१८ डिसेंबर २०१७ ला मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला पहाटे आग लागली. १२ कामगार गेले. त्यानंतर अकराच दिवसांनी कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या रेस्टॉरंटच्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते. तिथे ते धुराने गुदमरले.

घरात आग लागली तर आपण अंगणात पळतो. कॉम्प्लेक्समध्ये खाली आपली कढई, वर मुलांची शिकवणी, आणि जिना एकच. धूर वर चढतो, मग तो जिनाच धुराडं होतो. म्हणून आपली चूक शेजाऱ्यालाही भोवते.

हे लक्षात ठेवा:

१. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. पाणी तळाला जाऊन एकदम वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करा, झाकण ठेवा. गार होईपर्यंत उघडू नका.

२. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर लाईटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. आग लागली तर १०१.

३. धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही. सिलिंडर उभाच ठेवा. नळी पाच वर्षांनी बदला, चीर दिसली तर लगेच.

४. चिमणीची जाळी नियमित धुवा. साचलेलं तेल पेटलं की आग चिमणीच्या नळकांड्यातून वर जाते.

५. जिन्यात पोती, रिकामे डबे, सिलिंडर ठेवू नका. मागच्या दाराला कुलूप नको. रात्री गाळ्यात कुणी झोपू नये.

"गाळा भाड्याचा, मालक बघेल," असं म्हणून चालत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यावरही जबाबदारी आहे. करार करण्याआधी मालकाकडे आगीच्या तपासणीचा दाखला मागा.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्या गटांचा गाळा आहे, त्यांनी त्याच दिवशी जिना मोकळा करावा. त्याला कर्ज लागत नाही.