स्वयंचलित दूरनियंत्रित मोटार (विद्यार्थी प्रकल्प)

स्वयंचलित दूरनियंत्रित मोटार म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या मोटारीवर कॅमेरा आणि लहान संगणक बसवून, ती माणसाच्या हाताविना आखलेल्या मार्गावर चालेल अशी केलेली रचना होय. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे विद्यार्थी चार-पाच जणांच्या गटाने हा प्रकल्प करतात. मोटार मूळ वाहनाच्या एकदशांश किंवा एकषोडशांश आकाराची असते. त्यामुळे धडक झाली तरी फारसे नुकसान होत नाही, मात्र चालकविरहित वाहनापुढील बहुतेक मूलभूत अडचणी तिच्यातही अनुभवास येतात.

पूर्वेतिहास

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील डीन पोमर्लो यांनी १९८९ मध्ये ‘ॲल्विन’ नावाचे न्यूरल नेटवर्क मांडले. कॅमेऱ्याकडून त्याला मिळणारे रस्त्याचे चित्र अवघ्या ३० गुणिले ३२ बिंदूंचे होते. पुढे २००४ च्या सुमारास डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या ‘डेव्ह’ प्रकल्पात माणसाने चालवलेल्या फेऱ्यांवरून शिकलेली एक दूरनियंत्रित मोटार अडगळीने भरलेल्या गल्लीतून स्वतः चालली. गुंतागुंतीच्या परिसरात ती सरासरी सुमारे २० मीटर अंतरानंतर धडकत असे. तरीही हीच कल्पना पुढे नेऊन एनव्हिडिया कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये पूर्ण आकाराची मोटार रस्त्यावर चालवली. म्हणजे या क्षेत्रात छोटी मोटार ही मोठ्या मोटारीची नक्कल नसून काही बाबतींत तिची पूर्वज आहे.

विद्यार्थ्यांसाठी आज तयार आराखडे उपलब्ध आहेत. विल रॉस्को आणि ॲडम कॉनवे यांनी सुरू केलेली ‘डाँकी कार’ ही मुक्त स्रोत प्रणाली त्यांपैकी सर्वांत सोपी मानता येईल. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेली ‘एफ-वन-टेन्थ’ ही एकदशांश आकाराच्या मोटारींची प्रणाली अधिक अवघड व खर्चिक आहे, कारण तीत लेझर किरणांनी अंतर मोजणारे लायडार वापरले जाते.

रचना

मोटारीत मुळातच दोन भाग असतात: पुढची चाके वळवणारी सर्व्हो मोटार आणि मागील गती ठरवणारा वेगनियंत्रक. दोघांनाही विद्युत स्पंदांची भाषा समजते. साधारणपणे दीड मिलिसेकंदाचे स्पंद म्हणजे सरळ चाके, एक मिलिसेकंद म्हणजे एका बाजूचे आणि दोन मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्या बाजूचे टोक. रिमोटऐवजी हे स्पंद रास्पबेरी पायसारख्या संगणकाने पाठवले, की मोटार संगणकाच्या हाती येते. चालवण्याची मोटार व संगणक यांना वेगवेगळ्या बॅटरी देणे इष्ट असते. एकाच बॅटरीवर दोन्ही चालवल्यास गती घेताना दाब क्षणभर खाली येतो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. नवख्या गटांचे अनेक दिवस हा दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्यात जातात.

प्रशिक्षण

प्रकल्पाचा गाभा येथे आहे. प्रथम एक विद्यार्थी रिमोटने मोटार मार्गावर फिरवतो. त्या वेळी कॅमेऱ्याचे प्रत्येक चित्र आणि त्या क्षणी चालकाने दिलेले वळण व गती यांची जोडीने नोंद होते. सेकंदाला २० चित्रे घेतल्यास दहा मिनिटांत १२,००० जोड्या जमतात. चित्र पाहून वळण सांगण्याची सवय न्यूरल नेटवर्कला या जोड्यांवरून लावली जाते.

साहजिकच गटातील सर्वांत कुशल चालकाकडे रिमोट सोपवला जातो आणि तो मोटार मार्गाच्या मधोमध, एकदाही न चुकता चालवतो. अशा नोंदींवर शिकलेली मोटार मात्र बहुधा लवकरच मार्ग सोडते. कारण उघड आहे. ती थोडीशी कडेला सरकली की तिला दिसणारे दृश्य नोंदींत कुठेही नसते. त्या दृश्याला काय उत्तर द्यायचे हे तिला कुणी दाखवलेलेच नसते. मग लहान चूक पुढच्या चुकीला जन्म देते आणि अंतर वाढत जाते. पोमर्लो यांनी यावर उपाय म्हणून रस्त्याचे चित्र कृत्रिमरीत्या सरकवून त्याला योग्य वळण जोडले होते, तर एनव्हिडियाने मोटारीच्या डाव्या-उजव्या बाजूंना जादा कॅमेरे लावले. विद्यार्थ्यांना स्वस्त मार्ग उपलब्ध आहे: मोटार मुद्दाम कडेला न्यायची, तो भाग नोंदींतून वगळायचा आणि तेथून मध्यावर परतण्याचा भाग तेवढा ठेवायचा.

दुसरी अडचण उजेडाची. सकाळी घेतलेल्या नोंदींवर शिकलेली मोटार दुपारनंतरच्या लांब सावलीला मार्गाची पट्टी समजू शकते. कधी ती पट्टीऐवजी भिंत, खुर्ची किंवा खिडकी पाहून वळायला शिकते. खुर्ची हलवली की मोटार चुकते. म्हणून वेगवेगळ्या वेळी, दोन्ही दिशांनी फिरवून नोंदी घ्याव्या लागतात. प्रशिक्षणात न वापरलेल्या नोंदी चाचणीसाठी राखून ठेवणेही आवश्यक असते. तरी त्यांवर चूक कमी दिसली म्हणजे मोटार चालेलच असे नाही. खरी परीक्षा जमिनीवरच होते.

वेग आणि विलंब

मोटार सेकंदाला दीड मीटर वेगाने धावत असेल आणि संगणक सेकंदाला २० निर्णय घेत असेल, तर दोन निर्णयांमध्ये ती साडेसात सेंटिमीटर पुढे जाते. चित्र घेण्यापासून चाक वळेपर्यंत एकदशांश सेकंद लागल्यास हे अंतर १५ सेंटिमीटर होते, म्हणजे मोटारीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. तुलनेसाठी वाशिम जिल्ह्यात कारंजा लाड जवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे उदाहरण घेता येईल. तेथे ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाहनाने तेवढ्याच विलंबात सव्वातीन मीटरहून अधिक अंतर कापलेले असते.

वऱ्हाडातील परिस्थिती

समृद्धी महामार्गावर मार्गिकांचे पट्टे स्पष्ट आहेत, दुभाजक आहे आणि दुचाकी वाहनांना प्रवेश नाही. कारंजा शहरातील रस्त्यांवर याच्या उलट स्थिती असते. पट्टा नसलेला डांबरी रस्ता, कडेची माती, कापसाच्या हंगामात फुगीर भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. पट्टी ओळखून चालणारी मोटार येथे निरुपयोगी ठरते. म्हणून या भागातील गटाने केवळ पांढऱ्या फितीच्या मार्गावर न थांबता मातीची कड ओळखण्याचा प्रयोग करणे अधिक अर्थपूर्ण आहे. तो अवघड असला, तरी त्यातून हाती येणाऱ्या नोंदी इतरत्र तयार मिळत नाहीत.

कारंजा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. महाराष्ट्रात या विषयाचे मोठे काम मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले आहे. तेथील ‘सेड्रिका’ या विद्यार्थी गटाने महिंद्राची ‘ई-टू-ओ’ ही विद्युत मोटार चालकविरहित करण्याचे काम हाती घेतले. याच संस्थेचा ‘ई-यंत्र’ उपक्रम महाविद्यालयांत रोबोटिक्स प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य करतो.

नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन भारतात चालकविरहित मोटारींना परवानगी देणार नाही, अशी भूमिका मांडली होती. प्रकल्प अहवालात हा प्रश्न सहसा एका ओळीत उरकला जातो, हे योग्य नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर किंवा ट्रक चालवून संसार चालतो असे विद्यार्थीही या गटांत असू शकतात.

सुरक्षितता

पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलून घ्यावी. संपर्क तुटल्यास गती आपोआप शून्य व्हावी, अशी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये असावी आणि एका सदस्याकडे फक्त मोटार थांबवण्याचे काम द्यावे. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगल्यास वापरू नये. ती योग्य चार्जरवर, देखरेखीखाली भारित करावी. चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न घेता सभागृहात किंवा महाविद्यालयाच्या बंदिस्त आवारात घ्यावी.