ग्राहक-तक्रार, इलेक्ट्रॉनिकीय उपकरणांविषयीची
महागड्या इलेक्ट्रॉनिकीय उपकरणात दोष आढळल्यास ग्राहकाने विक्रेता, उत्पादक वा ग्राहक आयोग यांच्याकडे मागितलेली दाद. दूरचित्रवाणी संचाचा दोष आतील मंडलात दडलेला असतो. तो ग्राहकाला जाणवतो, पण सिद्ध करता येत नाही. म्हणून बहुतेक जण वारंवार दुरुस्ती पत्करतात आणि त्यातच हमीची मुदत सरते. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवितो. तपासणीचे शुल्क मात्र तक्रारदाराला भरावयास लावता येते. तक्रारीस कालमर्यादा दोन वर्षांची असल्याने दुरुस्तीच्या पावत्या जपणे इष्ट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे.

उत्पादकच बुडाल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. औरंगाबादजवळील (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथे व्हिडिओकॉन कंपनीचे दूरचित्रवाणी संच तयार होत. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी संहितेखालील कार्यवाहीत गेली. अशा कार्यवाहीत स्थगिती असेतोवर कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. हमीपत्र हाती असूनही ग्राहक अनेक धनकोंपैकी एक ठरतो. विक्रेत्याविरुद्धची तक्रार मात्र या स्थगितीने अडत नाही.