न्हाणीघराची झिजलेली जमीन

न्हाणीघराची जमीन झिजली, डागाळली किंवा फुगली की घरमालकाचे लक्ष प्रथम वरच्या थराकडे जाते. परंतु बहुतेक घरांत खरा बिघाड त्या थराखाली असतो, आणि तो शोधण्यापूर्वी वर नवे आच्छादन घातले तर ओल केवळ नजरेआड होते. नागपूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या हिंगणा तालुक्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण औद्योगिक वसाहतीभोवती वाढलेल्या वानाडोंगरी, डिगडोह, नीलडोह, ईसासनी अशा वस्त्यांत कामगार आणि विद्यार्थी भाड्याने राहतात, भाडेकरू बदलताना न्हाणीघराची डागडुजी घाईने उरकली जाते, आणि अशा वेळी विनाइलची गुंडाळी आणून जुन्या फरशीवर पसरणे हा स्वस्त व सोपा उपाय वाटतो.

विनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी, या प्लास्टिकात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळून केलेले आच्छादन. रेल्वेच्या डब्यांत आणि रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत ते उत्तम चालते. मात्र रुग्णालयात त्याच्या पट्ट्यांचे सांधे उष्णतेने जोडले जातात, कडा भिंतीवर काही अंतर चढवल्या जातात आणि खालची जमीन कोरडी असल्याची खात्री आधी करून घेतली जाते. पाश्चात्त्य देशांत स्नान टबात किंवा काचेच्या आडोशात होते व उरलेली जमीन कोरडी राहते, म्हणून तेथील न्हाणीघरांत विनाइल रुळले. आपल्याकडे बादली-तांब्याने अंघोळ होते, कपडेही तेथेच धुतले जातात, आणि सगळे पाणी जमिनीवरूनच जाळीकडे वाहते. अशा जागी सांध्यातून आणि जाळीच्या कडेने पाणी आत शिरते, डिंक सुटतो, आणि वर न येऊ शकणाऱ्या ओलीवर बुरशी धरते. त्यामुळे अंघोळीच्या जागेत विनाइल घालू नये. वॉश बेसिनसमोरच्या कोरड्या भागापुरतेच ते योग्य ठरते.

तेथे ते आधीच असेल आणि एखाद्या ठिकाणीच फाटले असेल, तर जुळत्या नक्षीचा तुकडा फाटलेल्या भागावर ठेवून धारदार सुरीने दोन्ही थर एकदम कापावेत, म्हणजे नवा तुकडा खाचेत नेमका बसतो. मग खालचा जुना डिंक खरवडून, जमीन वाळवून तो चिकटवावा आणि सांधा बंद करावा. जमीन कोरडी आहे की नाही हे पाहण्यासाठी सुमारे 45 सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा कडांना पट्टी लावून रात्रभर, किमान 16 तास, चिकटवून ठेवावा. खाली पाण्याचे थेंब जमले तर जमीन ओली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी: 1980 पूर्वीच्या घरांतील जुन्या विनाइलमध्ये किंवा त्याखालच्या डिंकात अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तपासणीशिवाय ते खरवडू नये.

हिंगण्यातील बहुसंख्य न्हाणीघरांत अर्थातच टाइल किंवा दगडी फरशी असते, आणि तिच्या झिजेला दोन स्थानिक कारणे जबाबदार ठरतात. पहिले कारण जमिनीचे. हा परिसर बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्या खडकापासून बनलेली काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खणताना निघालेली हीच माती जोत्याच्या भरावात टाकली, तर काही वर्षांत तळमजल्याची जमीन खचते आणि भिंत व फरशी यांच्या सांध्यात भेग पडते. भरावासाठी मुरूम वापरून, तो थराथराने पाणी मारून चोपणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. दुसरे कारण पाण्याचे व सफाईचे. विहिरी-बोअरच्या जड पाण्यातील क्षार टाइलवर पांढरट थर धरतात आणि तो काढण्यासाठी सर्रास अॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतले जाते; हे आम्ल सांध्यांतील सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे कॅल्शियम क्लोराइड बनवते, म्हणजे डागांबरोबर सांधाही वाहून जातो. शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्या असल्याने त्यांचा पृष्ठभागही आम्लाने खाल्ला जातो. हेच अॅसिड ब्लीचिंगमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, ही गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. अंघोळीनंतर वायपरने पाणी ओढून टाकण्याची सवय अॅसिडची गरजच बरीच कमी करते.

दुरुस्ती किती खोल करायची हे निदानावर ठरते. न्हाणीघर दोन दिवस बंद ठेवूनही शेजारची भिंत ओलीच राहिली तर दोष नळाच्या पाइपात असण्याची शक्यता अधिक, आणि वापरानंतरच ओल वाढत असेल तर तो फरशीत, सांध्यांत किंवा नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या, पाणी साठवून दुर्गंधी अडवणाऱ्या भांड्यात असतो. टाइल लाकडी दांड्याने ठोकून पाहावी. मोजक्याच पोकळ वाजत असतील तर तेवढ्या काढून पुन्हा बसवता येतात, आणि टाइल पक्क्या असून केवळ सांधे झिजले असतील तर ते खरवडून एपॉक्सी ग्राउट भरणे पुरेसे होते. हे ग्राउट सिमेंटपेक्षा महाग असले तरी पाणी शोषत नाही आणि सफाईत टिकते, म्हणून भाड्याच्या घरात तेच परवडते.

पूर्ण जमीन उखडावी लागली, तर ट्रॅपच्या कडा प्रथम पक्क्या कराव्यात, जाळीकडे मीटरमागे सुमारे 10 ते 15 मिलिमीटर उतार ठेवून कोबा घालावा, त्यावर जलरोधक लेप द्यावा आणि तो भिंतीवर किमान फूटभर चढवावा. लेप वाळल्यावर जाळी बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवण्याची चाचणी मिस्त्री घाईत टाळतात, परंतु टाइल बसल्यानंतर हीच गळती शोधायला सारे पुन्हा फोडावे लागते. वर खरखरीत पृष्ठभागाची, शक्यतो लहान मापाची टाइल घ्यावी, कारण लहान टाइल उताराला जुळते आणि अधिक सांध्यांमुळे पाय कमी घसरतो. घरमालकांनी मिस्त्रीशी व्यवहार ठरवतानाच पाणी साठवण्याच्या या दोन दिवसांची अट घालावी आणि चाचणी स्वतः पाहिल्यावरच टाइल लावण्यास संमती द्यावी.