एकट्याचा सराव आणि कौशल्याचे मोजमाप : पूल या खेळाच्या संदर्भात

प्रस्तावना :

क्रीडाक्षेत्रात खेळाडूची पात्रता सामान्यतः स्पर्धेतील जय-पराजयावरून ठरविली जाते. परंतु ज्या खेळाडूला तुल्यबळ प्रतिस्पर्धीच उपलब्ध नाही, त्याने स्वतःची पातळी कशी ओळखावी, हा प्रश्न ग्रामीण भागात वारंवार उपस्थित होतो. बारामती-इंदापूर परिसरातील कळससारख्या गावात एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी पूलचे टेबल आले, तरी त्याच्याशी खेळणारे बहुधा घरातले भाऊ आणि शेजारचे मित्रच असतात. त्यांना तो सहज हरवू लागला की आपण निष्णात झालो, असा त्याचा समज होतो. 'वासरांत लंगडी गाय शहाणी' ही म्हण अशा प्रसंगी आठवते. याउलट, दूरचित्रवाणीवरील विजेत्यांशी स्वतःची तुलना करून खेळ सोडून देणारेही आढळतात. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे, तो म्हणजे मोजमापाचा अभाव. घरच्या टेबलावर एकट्याने सराव करणाऱ्या खेळाडूला स्वतःचे कौशल्य कोणत्या रीतींनी अजमावता येते आणि त्या रीतींच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील परंपरा :

क्यूने खेळल्या जाणाऱ्या खेळांची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळविले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ या वर्षी हेच विजेतेपद संपादन केले. तथापि या परंपरेचे केंद्र शहरांतील जिमखाने आणि क्लब हेच राहिले. पुण्यातील पीवायसी हिंदू जिमखाना किंवा डेक्कन जिमखाना येथे सराव करणाऱ्या मुलाला आपल्याहून सरस खेळाडू रोज पाहावयास मिळतो. कळसच्या मुलापासून ती सोय सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. त्यामुळे स्वतःच्या मोजमापाची गरज शहरी खेळाडूपेक्षा त्यालाच अधिक आहे.

एकट्याने मोजमाप का शक्य होते? :

प्रत्येक खेळात असे मोजमाप शक्य नसते. तालमीत जोर-बैठका कितीही काढल्या तरी कुस्तीतील बळ समोर मल्ल असल्याशिवाय कळत नाही. कबड्डीचीही तीच गत आहे. पूलमध्ये मात्र एक खेळाडू टेबलावर असताना दुसऱ्याला खुर्चीवर बसून पाहण्यावाचून काही करता येत नाही. बॉल पॉकेटमध्ये घालणे आणि पुढील फटक्यासाठी पांढरा बॉल योग्य जागी थांबविणे, ही दोन्ही कामे खेळाडू व टेबल यांच्यामधलीच असतात. म्हणून या दोन अंगांचे मोजमाप एकांतातही पुष्कळ अंशी ग्राह्य ठरते.

मोजमापाच्या तीन रीती :

पहिली रीत एकाच फटक्याची परीक्षा घेते. लक्ष्य-बॉल पॉकेटजवळ एका निश्चित जागी ठेवावा. फटका साधला की पांढरा बॉल टेबलाच्या कडेवरील एका खुणेइतका दूर न्यावा आणि चुकला की तितकाच जवळ आणावा. वीस-पंचवीस फटक्यांनंतर पांढरा बॉल एका विशिष्ट अंतराच्या आसपास पुढे-मागे होऊ लागतो. त्या अंतरावर यशाची शक्यता साधारण निम्मी असते. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत श्रवणाची किंवा दृष्टीची सीमा शोधताना जी चढ-उताराची पद्धत वापरतात, तिचेच हे रूप होय. सरळ फटका, कोनातील फटका, कुशनलगतचा फटका अशा प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र अंतर नोंदविल्यास कच्चे दुवे आपोआप उघड होतात.

दुसरी रीत गुणांची आहे. अमेरिकी प्रशिक्षक जेरी ब्रिसाथ यांनी रूढ केलेल्या या खेळात पंधरा बॉल मांडून ब्रेक करतात. ब्रेकमध्ये गेलेले बॉल परत टेबलावर ठेवले जातात आणि पांढरा बॉल ब्रेकच्या रेषेमागे ठेवून खेळ सुरू होतो. बॉल कोणत्याही क्रमाने घालता येतात. फटका चुकला, फाउल झाला किंवा २० बॉल पूर्ण झाले की डाव संपतो. अशा १० डावांचे कमाल गुण २०० होतात. येथे एक सोपे गणित उपयोगी पडते. एका डावाची सरासरी २ असेल, तर प्रत्येक फटक्यातील यशाचे प्रमाण सुमारे ६७ टक्के असते. सरासरी ४ असेल तर ते सुमारे ८० टक्के आणि ८ च्या जवळ असेल तर सुमारे ९० टक्के असते. यशाचे प्रमाण ८० वरून ९० वर गेले की गुण जवळजवळ दुप्पट होतात. वरच्या पातळीवरील प्रगती खेळाडूला फटक्यांत जाणवत नाही, ती गुणांत दिसते, याचे कारण हेच आहे.

तिसरी रीत 'भुताशी सामना' या अर्थाच्या नावाने खेळाडूंत परिचित आहे. नऊ बॉलच्या खेळात ब्रेक केल्यावर पांढरा बॉल हवा तेथे ठेवावा आणि उरलेले बॉल क्रमांकानुसार घालावेत. सर्व बॉल गेले तर रॅक खेळाडूचा. एकही फटका चुकला तर रॅक त्या अदृश्य प्रतिस्पर्ध्याचा. हे भूत कधीच चुकत नाही. म्हणून नवख्याने ब्रेक न करता तीन बॉल टेबलावर विखरून आरंभ करावा आणि निम्म्याहून अधिक रॅक जिंकू लागल्यावर एकेक बॉल वाढवावा. ज्या संख्येवर विजय आणि पराजय सारखे होतात, ती त्या खेळाडूची पातळी मानावी. तीन बॉलवर बरोबरी साधण्यास प्रत्येक फटक्यात सुमारे ७९ टक्के यश लागते. पाच बॉलवर ८७, सात बॉलवर ९१ आणि नऊ बॉलवर ९३ टक्के लागते. दहापैकी आठ फटके साधणाऱ्याला आपण पुष्कळ चांगले खेळतो असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नऊ बॉल सलग घालण्याची त्याची शक्यता केवळ १३ टक्के असते.

एका दिवसाच्या गुणांची विश्वसनीयता :

स्वतःची परीक्षा घेताना सर्वांत मोठा धोका उत्तम दिवसाची आठवण जपण्याचा आहे. ज्या खेळाडूची खरी सरासरी ४ आहे, त्याचे दहा डावांचे अपेक्षित गुण ४० असतात. परंतु केवळ योगायोगाने एखाद्या दिवशी २६, तर दुसऱ्या दिवशी ५४ गुण सहज होऊ शकतात. यातून कौशल्य घटले किंवा वाढले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पन्नास डावांची सरासरी घेतल्यास ही अनिश्चितता निम्म्याहून कमी होते. म्हणून प्रत्येक डाव, वाईट झालेला डावही, वहीत नोंदविणे हा या रीतीचा प्राण आहे. 'हा डाव धरायचा नाही' असे एकदा ठरविले की वही खोटी होते, आणि खोटी वही नसलेल्या वहीपेक्षा घातक असते.

सर्वोच्च गुण आणि सरासरी यांतील भेद विक्रमांवरूनही समजतो. एकाच खेळात सलग बॉल घालण्याचा विली मॉस्कोनी यांचा ५२६ चा विक्रम १९५४ पासून टिकून होता. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी अनेक आठवड्यांच्या प्रयत्नांनंतर ६२६ ची मजल मारली. त्या एका आकड्यामागे लवकर संपलेले असंख्य प्रयत्न होते.

घरच्या टेबलाचा प्रश्न :

मॉस्कोनी यांचा विक्रम आठ फुटी टेबलावर झाला होता, तर श्मिट नऊ फुटी टेबलावर खेळले. मोजमाप टेबलाशी बांधलेले असते, हे यावरून ध्यानात यावे. स्पर्धेच्या टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र १०० बाय ५० इंच असते आणि कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साधारण साडेचार इंच असते. क्यू फिरविण्याच्या जागेसह त्याला सुमारे १४ बाय १८ फुटांची खोली लागते. त्यामुळे घरोघरी लहान टेबले येतात आणि त्यांची पॉकेटे अनेकदा रुंद असतात. अशा टेबलावरील गुण स्वतःच्या कालच्या गुणांशी ताडून पाहावेत, दुसऱ्याच्या गुणांशी नव्हे. पॉकेटचे तोंड मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणे हितावह आहे.

आपल्याकडे घरोघरी असलेला कॅरम येथे आठवणे साहजिक आहे. कोनाची जाण आणि हाताची स्थिरता कॅरममधून येते. तथापि कॅरममध्ये स्ट्रायकर प्रत्येक फटक्याला पट्टीवर आपल्या सोयीने ठेवता येतो. पूलमध्ये पांढरा बॉल जेथे थांबला तेथूनच खेळावे लागते. म्हणून चांगला कॅरमपटू पहिल्या रीतीत चमकतो आणि तिसऱ्या रीतीत अडखळतो. हा फरक शिक्षकाने जाणल्यास अशा विद्यार्थ्याला काय शिकवायचे, हे लगेच ठरविता येते.

जे मोजले जात नाही :

बचावात्मक खेळ, प्रतिस्पर्ध्याने अडचणीत टाकल्यावर सुटका करून घेणे, बराच वेळ खुर्चीवर बसल्यानंतर पहिला फटका साधणे आणि प्रेक्षकांसमोरील दडपण यांची परीक्षा एकांतात होत नाही. अमेरिकेतील फार्गो मानांकन केवळ प्रत्यक्ष सामन्यांच्या निकालांवर आधारलेले आहे, त्याचे कारण हेच होय. त्यात १०० गुणांचे अंतर म्हणजे सरस खेळाडू दोन डाव जिंकेल तेव्हा दुसरा एक जिंकेल, असा अर्थ असतो. घरच्या सरावातून असे मानांकन मिळू शकत नाही. तेथे कळते ते आक्रमक खेळाचे बळ.

समारोप :

एकट्याच्या सरावातील मोजमाप स्पर्धेची जागा घेऊ शकत नाही, परंतु स्पर्धेला जाण्याची वेळ झाली की नाही, हे ते सांगू शकते. निश्चित कसोटी, पुरेशी डावसंख्या, न बदलणारे टेबल आणि प्रामाणिक नोंद या चार गोष्टी पाळल्यास गावातील अजिंक्य खेळाडूला आपली मर्यादा पराभवाआधीच कळते आणि निराश खेळाडूला आपली प्रगती डोळ्यांनी दिसते. प्रवासखर्च करून विद्यार्थ्याला शहरातील स्पर्धेस पाठवावे की नाही, हा निर्णय महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाला अनेकदा ऐकीव कीर्तीवर घ्यावा लागतो. त्या विद्यार्थ्याची पन्नास डावांची वही समोर असेल, तर निर्णय अधिक न्याय्य होईल. ज्या मुलाची कीर्ती कोणी ऐकलेली नाही, त्याच्या बाजूने बोलणारा एकमेव साक्षीदार कदाचित ती वहीच असेल.