व्हिसाच्या मुदतीपुरता दवाखाना

परमुलखात आजारी पडताना : भाग ५

ऑस्ट्रेलियात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना खासगी आरोग्य विमा सक्तीनं घ्यावा लागतो, हे मागच्या भागात पाहिलं. तिथली सरकारी मेडिकेअर त्यांना खुली नाही, कारण ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार ज्या मोजक्या देशांशी आहे त्यांत भारत नाही. ब्रिटननं वेगळी वाट धरली. तिथं बाहेरून आलेल्याला विमा कंपनीकडे पाठवत नाहीत. सरकारच त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतं आणि आपली एनएचएस, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस ही सरकारी आरोग्यसेवा, त्याला खुली करून देतं. या आकारणीचं नाव इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्यांच्या बोलण्यात नुसतं ‘आयएचएस’.

नाशिकची एखादी मुलगी एक वर्षाच्या मास्टर्ससाठी लीड्सला निघाली आहे असं समजा. प्रवेश झाला, बँकेनं कर्ज मंजूर केलं, छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नसल्याचा दाखलाही मिळाला. ऑनलाइन अर्ज भरत भरत ती शेवटच्या पानांवर येते आणि तिथं व्हिसाच्या फीशिवाय आणखी एक रक्कम उभी असते : १,१६४ पाउंड. विद्यार्थ्यांचा दर वर्षाला ७७६ पाउंड. कोर्स एक वर्षाचा असला तरी व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून वरच्या चार महिन्यांसाठी अर्ध्या वर्षाचे ३८८ आणखी. पाउंड ११५ रुपयांना धरला तर हे सव्वा लाखाच्या पुढे जातं. हप्ते नाहीत, नंतर भरण्याची सोय नाही. पूर्ण मुदतीचे पैसे आधी भरायचे, नाहीतर अर्जच निकालात. व्हिसा नाकारला गेला तर ही रक्कम परत मिळते. व्हिसा मिळाला आणि सोळा महिन्यांत एकदाही डॉक्टरचं तोंड पाहावं लागलं नाही, तर मात्र काही परत मिळत नाही.

नोकरीवर जाणाऱ्यांचा आकडा याहून मोठा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, अठरा वर्षांखालच्या मुलाला ७७६. नवरा, बायको, दोन मुलं आणि पाच वर्षांचा व्हिसा असा हिशेब मांडला की बेरीज १८,११० पाउंड होते. म्हणजे वीस लाखांच्या वर, आणि तेही तिथला पहिला पगार हातात पडण्याआधी. काही कंपन्या हे पैसे भरतात. बऱ्याच भरत नाहीत, किंवा फक्त कर्मचाऱ्याचे भरतात आणि कुटुंबाचं त्याच्यावर सोडतात. पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या माणसानं ऑफर लेटर हातात आल्यावर पगाराच्या आकड्याबरोबर हा प्रश्नही विचारायला हवा.

ही आकारणी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाला २०० पाउंड होती, विद्यार्थ्यांना १५०. जानेवारी २०१९ मध्ये ती दुप्पट झाली, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ वर गेली आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ वर. नऊ वर्षांत पाचपट. शेवटच्या वाढीची गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डॉक्टर, शिक्षक, पोलीस अशा सरकारी नोकरांना पगारवाढ जाहीर केली, आणि तिच्यासाठी पैसा उभा करण्याचा एक मार्ग म्हणून व्हिसाची फी आणि हा सरचार्ज वाढवत असल्याचं त्याच दिवशी सांगितलं. परदेशी माणसाच्या उपचारांना किती खर्च येतो, हा हिशेब तेव्हाच्या चर्चेत मागे पडला. नव्यानं येणाऱ्यांवर बसवलेला कर वाढवणं कोणत्याही सरकारला सोपं जातं.

त्याआधी, मे २०२० मध्ये, यातली विसंगती फार ठळकपणे पुढे आली होती. कोविडमधून वाचलेले तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी आपली शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारकांचे जाहीर आभार मानले होते. त्यांतली एक न्यूझीलंडची, दुसरा पोर्तुगालचा. पण युरोपबाहेरून येऊन एनएचएसमध्ये राबणाऱ्या परिचारिकेला त्याच एनएचएसमध्ये उपचार मिळावेत म्हणून सरचार्ज भरावा लागत होता. विरोधी पक्षनेते किअर स्टार्मर यांनी संसदेत हे विचारलं तेव्हा जॉन्सन यांनी आधी आकारणीचं समर्थन केलं आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. ऑगस्ट २०२० पासून ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसावर येणाऱ्यांना आणि त्यांच्यासोबतच्या कुटुंबीयांना सरचार्ज माफ आहे.

एवढे पैसे भरून मिळतं काय? खरं तर बरंच काही. सरचार्ज भरलेल्या माणसाला त्याच्या व्हिसाच्या मुदतीत तिथल्या रहिवाशासारखीच एनएचएस मिळते. रुग्णालयात भरती, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोगाचे उपचार, कशाचंही बिल येत नाही. विम्याचा अर्ज भरताना आधीच्या आजारांबद्दल होणारी उलटतपासणी इथं नसते. मधुमेह दहा वर्षांचा आहे की कालचा, कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर दर औषधामागे ९.९० पाउंड द्यावे लागतात (२०२४ पासूनचा दर). स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेही नाहीत. पण ज्याचा मधुमेह गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर आहे, किंवा ज्याला थायरॉइड कमी असल्यामुळे रोज गोळी घ्यावी लागते, त्याला इंग्लंडमध्येही सूट-प्रमाणपत्र मिळतं. मग त्याची सगळीच औषधं मोफत, नुसती त्या आजाराची नव्हेत. यासाठी जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, एक फॉर्म भरून घ्यायचा असतो. दातांचे आणि चष्म्याचे पैसे मात्र इतरांसारखेच पडतात. इंग्लंडमध्ये टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार २०१७ पासून सरचार्जमधून वगळले आहेत.

आणि तरीही आपली अनेक माणसं ही सेवा वापरत नाहीत. बॅगेत पॅरासिटामॉलपासून अँटिबायोटिकपर्यंत सहा महिन्यांची औषधं नेतात, गुडघा दुखायला लागला की डिसेंबरच्या सुट्टीची वाट पाहतात आणि पुण्यात उतरल्याबरोबर ऑर्थोपेडिककडे जातात. याचं एक कारण सवयीचं आहे. आपण त्वचेला काही झालं की थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठतो, छातीत धडधडलं की थेट हृदयरोगतज्ज्ञ. तिथं तसं चालत नाही. घराजवळच्या जीपीकडे आधी नाव नोंदवायचं आणि पुढच्या तज्ज्ञाकडे त्याच्याच चिठ्ठीनं जायचं. नाव नोंदवलेलं नसेल तर सरचार्ज भरूनही माणूस कोपऱ्यावरच्या केमिस्टपाशीच अडतो. नोंदणीला पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवला नाही एवढ्याच कारणानं नोंदणी नाकारता येत नाही, असं एनएचएसच सांगते. काउंटरवरची व्यक्ती भाडेकरार मागते, तो मित्राच्या नावावर असतो, आणि मुलगा निमूट परत येतो. तिथं शांतपणे हा नियम सांगावा. तब्येत ठणठणीत असताना, पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात हे काम उरकलेलं बरं. तापानं फणफणलेलं असताना फॉर्म भरायची उमेद राहत नाही.

आता या विषयातला सर्वांत नाजूक भाग : आईवडील. सून किंवा मुलगी गरोदर असते, बाळंतपणाला आई हवी असते. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर स्लाऊला किंवा हाऊन्स्लोला येतात. मुलानं हजारो पाउंड सरचार्ज भरलेला असतो, म्हणून घरात सगळ्यांची समजूत असते की ‘आपलं एनएचएस आहे’. ते मुलाचं आहे, सुनेचं आहे. आईचं नाही. व्हिजिटर व्हिसावर सरचार्ज लागत नाही आणि म्हणून रुग्णालयाचा हक्कही मिळत नाही.

समजा, थंडीच्या दिवसांत जिन्यावरून आईचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ए अँड ई, म्हणजे अपघात विभाग, सर्वांना मोफत आहे. एक्स-रे होतो, वेदनाशामक दिलं जातं, तोवर बिल नाही. डॉक्टर म्हणतात, ‘भरती करून ऑपरेशन करावं लागेल,’ आणि आई वॉर्डात जाते त्या क्षणापासून मीटर सुरू होतो. दर कोणता? एनएचएसच्या आपल्या ठरलेल्या दराच्या दीडपट. थोड्या वेळानं ‘ओव्हरसीज व्हिजिटर’ विभागाचा माणूस कागद घेऊन खाटेपाशी येतो आणि पासपोर्ट मागतो. तातडीचा उपचार पैशांसाठी थांबवायचा नाही, हा नियम आहे. आईचं ऑपरेशन होईल. पण बिलही होईल, हजारो पाउंडांचं. पाचशे किंवा अधिक पाउंडांची थकबाकी दोन महिने राहिली तर ती गृहखात्याला कळवली जाऊ शकते आणि त्यावरून पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला यायचं ठरलेलं असतं, ते तिथं अडकतं. जे उपचार थांबू शकतात, त्यांचे पैसे २०१७ पासून आधीच घेतले जातात.

म्हणून आईवडिलांसाठी प्रवासी विमा घ्यावा आणि अर्जात रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी यांतलं काही लपवू नये. ‘हप्ता वाढतो’ म्हणून लपवलेला आजार नेमका दावा नामंजूर व्हायला कारण होतो. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते : इंग्लंडमध्ये पाहुण्यालाही जीपीचा सल्ला मोफत मिळतो, तात्पुरता रुग्ण म्हणून नाव नोंदवता येतं. क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही अशा संसर्गजन्य आजारांची तपासणी आणि उपचारही कोणत्याही व्हिसावर मोफत आहेत. संसर्ग पासपोर्ट पाहून पसरत नाही, हे तिथल्या कायद्यानं मानलं आहे.

एनएचएस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचे शिल्पकार, आरोग्यमंत्री अन्युरिन बेवन, परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेण्याच्या विरोधात होते. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता : पाहुणा ओळखायचा तर प्रत्येक ब्रिटिश माणसालाच आपण पाहुणे नाही हे सिद्ध करत फिरावं लागेल. १९४९ मध्ये पैसे घेण्याचा अधिकार कायद्यात आला, पण १९८२ पर्यंत तो वापरला गेला नाही. आणि बेवन यांची भीती २०१८ मध्ये खरी ठरली. किशोरवयात जमैकाहून आलेल्या, लंडनमध्ये चव्वेचाळीस वर्षं राहिलेल्या एका माणसाला प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या उपचारांआधी ५४,००० पाउंड भरायला सांगण्यात आलं, कारण त्याच्याकडे हक्काचा कागद नव्हता. आरडाओरडा झाल्यावर उपचार मिळाले.

आजारपणाच्या खर्चात नव्यानं आलेल्यानं वाटा उचलावा, या तत्त्वाला माझा विरोध नाही. पण नोकरी करणारा तोच माणूस पहिल्या महिन्यापासून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्सही भरतो, म्हणजे एकाच खाटेसाठी दोनदा पैसे देतो. आणि त्यांतली एक रक्कम एकरकमी, खिसा सर्वांत रिकामा असताना. किमान दरवर्षी हप्त्यानं भरण्याची मुभा तरी हवी. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत, म्हणजे अनेकांच्या बाबतीत पाच वर्षं, हे सरचार्ज भरणं चालू राहतं. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानं ‘रहिवासी’ म्हणवून घेण्याची अटच तशी करून ठेवली आहे. व्हिसा वाढवायचा अर्ज मुदतीच्या आत केला असेल, तर निकाल येईपर्यंत जुने हक्क चालू राहतात. मुदत उलटून गेल्यावर केला, तर मधल्या काळातल्या उपचारांचं बिल येऊ शकतं.

तिथं जन्मलेल्या बाळाबद्दल पत्रांतून वारंवार विचारणा होते. आईवडील दोघेही तात्पुरत्या व्हिसावर असतील तर बाळ जन्मानं ब्रिटिश नागरिक होत नाही. १ जानेवारी १९८३ पासून तो नियम आहे. सरचार्ज भरलेल्या आईवडिलांच्या बाळाला पहिले तीन महिने उपचार मोफत मिळतात, ते देशाबाहेर गेलं नाही तर. त्यानंतरचा हक्क बाळाच्या स्वतःच्या व्हिसावर आणि त्याच्या सरचार्जवर. भारतीय पासपोर्ट निघायला वेळ लागतो आणि व्हिसाच्या अर्जाला तो लागतोच. तेव्हा बारशाच्या गडबडीतच जन्मदाखला काढून पासपोर्टचा अर्ज करून टाकावा.

(पुढील भागात : आखाती देशांतले कामगार आणि मालकाच्या हातातलं आरोग्य कार्ड)