सूर्यकिरण : शिकवणीच्या विमानांची कसरत

जानेवारी 2024 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लोकांनी तीन दिवस माना दुखेपर्यंत वर पाहिले. डोक्यावरून एकमेकांना खेटून जाणारी हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाची ती लाल-पांढरी हॉक विमाने मुळात वैमानिकांना शिकवण्यासाठी घेतलेली. या पथकाचा इतिहास शोधताना हीच गोष्ट पुन्हापुन्हा आडवी येते.

आधीची तऱ्हा वेगळी होती. 1982 मध्ये हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवासाठी 'थंडरबोल्ट्स' हे कसरतींचे पथक उभे राहिले ते हंटर या अस्सल लढाऊ विमानांवर. हंटर म्हातारी झाली, तसे तेही पथक मोडले.

लातूर रोडहून रेल्वेने उदगीर, भालकी करत गेले की बीदर लागते. तिथल्या हवाई तळावर 1996 मध्ये विंग कमांडर कुलदीप मलिक यांच्या नेतृत्वाखाली सूर्यकिरण जन्मले. विमान होते हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे किरण मार्क-2, म्हणजे शिकवणीचेच. दोन वर्षांत पथक नऊ विमानांचे झाले. दोन विमानांच्या पंखांमधले अंतर जेमतेम पाच मीटर. जमिनीचा अंदाज घ्यायचा तो म्होरक्याने. बाकीच्यांची नजर शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणांवर खिळलेली. खूण सरकली की आपण चुकलो. मागे सुटणारा पांढरा धूर म्हणजे तापलेल्या झोतात सोडलेले डिझेल. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे धुके बनते.

याची किंमतही मोजावी लागली. मार्च 2006 मध्ये बीदरजवळ दोन वैमानिक गेले, जानेवारी 2009 मध्ये आणखी एक. पण पथक बंद पडले ते भलत्याच विमानापायी. नवशिक्या कॅडेटांचे पहिले विमान एचपीटी-32 'दीपक'. जुलै 2009 मधल्या अपघातात दोन प्रशिक्षक दगावल्यावर ते कायमचे जमिनीवर आले. मग मुलांना शिकवायचे कशावर? किरणवर! फेब्रुवारी 2011 च्या 'एरो इंडिया' विमानप्रदर्शनानंतर सूर्यकिरणची विमाने शाळेत गेली. चाहते हळहळले, पण माझ्या मते निर्णय रास्त होता. चूक त्याआधीची : दीपकची जागा घेणारे विमान वेळेत तयार ठेवले नाही, ही.

2015 मध्ये हॉकवर पथक पुन्हा उभे राहिले, तेही थोड्या विमानांनिशी, आणि हळूहळू नऊवर आले. फेब्रुवारी 2019 मध्ये येलहंक्याला सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली, विंग कमांडर साहिल गांधी मृत्युमुखी पडले. पथक मात्र या वेळी टिकले. आज त्याच हॉक विमानांमागून आकाशात तिरंगा उमटतो. त्यासाठी लागणारे धुराचे पॉड हवाई दलाच्या नाशिकच्या दुरुस्ती डेपोत तयार झाले आहेत.