गरोदरपणातला रोजा : आधी तपासणी, मग निर्णय

रमजान जवळ आला की घरातली गरोदर सून मनातल्या मनात धास्तावते. रोजा सोडला तर लोक काय म्हणतील? पण स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल, तर शरीअतने तिला सवलत दिली आहे. कजाचे मसाइल आलिमांना विचारावेत. सवलत घेतल्याने ईमान कमी होत नाही.

रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर अंगात रक्त कमी आहे, असे समजा. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालेल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी सहरी चुकवू नका. इफ्तारनंतर थोडे थोडे पाणी पीत राहा. चक्कर आली किंवा लघवी गडद व कमी झाली, तर रोजा सोडा. बाळाची हालचाल मंदावली, डोके ठणकले, नजर अंधुक झाली, रक्त वा पाणी गेले, तर मगरिबच्या अजानची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आणि सासूबाई, तिला रोजा सोडायला सांगताना पहिला घास तुम्हीच भरवा. तिच्या मनावरचे ओझे उतरेल.